घरच्या संगणकाला व्हायरसपासून वाचवायचं, तर पैसे नेमके कशावर खर्चावेत?

घरचा लॅपटॉप मंद झाला, भलत्याच खिडक्या आपोआप उघडू लागल्या, की तो उचलून जवळच्या दुकानात नेला जातो. दुकानदार पाहतो, "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो आणि संध्याकाळी मशीन परत मिळतं. गावाप्रमाणे आकडे बदलतात, पण फॉरमॅट करून विंडोज टाकण्याचे पाचशे ते हजार आणि वर अँटिव्हायरसचे पाचशे ते बाराशे, असं दीड-दोन हजारांचं बिल सहज होतं. मशीन पुन्हा छान पळू लागतं. मुलीच्या बारशापासूनचे फोटो, वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रं, दुकानाचा चार वर्षांचा हिशेब मात्र त्यात उरलेला नसतो.

या बिलातली बहुतेक रक्कम टाळता येते. आणि ज्यावर खरोखर खर्च करायला हवा ती गोष्ट, म्हणजे आपल्या फायलींची दुसरी प्रत, त्या बिलात नसतेच. घरच्या संगणकाच्या संरक्षणावर वर्षाला किती खर्च करावा, याचं माझं उत्तर असं आहे: सॉफ्टवेअरवर शक्यतो शून्य, बॅकअपवर हजार-दीड हजार. हे उत्तर कसं निघतं ते पुढे सविस्तर सांगतो. (इथे दिलेल्या बाजारभावांकडे अंदाज म्हणून पाहा, खरेदीच्या दिवशी दोन ठिकाणी विचारून घ्या.)

अटॅचमेंट उघडते, तिथून पुढे

मे २००० च्या पहिल्या आठवड्यात फिलिपिन्समधून एक ईमेल जगभर पसरला. विषय होता 'आय लव्ह यू'. सोबतच्या फायलीचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू', त्यापुढे 'टीएक्सटी' आणि त्याच्याही पुढे 'व्हीबीएस'. विंडोज नावातला शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात तो चालणारा प्रोग्राम होता. त्याने डिस्कवरच्या फोटोंवर स्वतःच्या प्रती लिहिल्या आणि आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःलाच पाठवून दिलं. ज्याला तो ईमेल मिळाला त्याला तो ओळखीच्या माणसाकडून आलेला दिसला, म्हणून त्यानेही उघडला. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा कृत्याविरुद्ध कायदाच नसल्याने तो लिहिणाऱ्या तरुणावर खटला उभा राहू शकला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९९९ मध्ये, 'मेलिसा'ने हेच वर्डच्या फायलीतून केलं होतं. तो पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना जायचा.

इतकी वर्षं उलटली तरी युक्ती तीच आहे. नाव लपवायचं, ओळखीचा चेहरा लावायचा आणि घाई करायला लावायची. २०१४ मध्ये पहिल्यांदा दिसलेला 'इमोटेट' याहून एक पाऊल पुढे गेला. लागण झालेल्या संगणकातला जुना पत्रव्यवहार उचलून तो त्याच धाग्यावर उत्तर पाठवायचा. तुम्ही महिन्यापूर्वी ज्याला कोटेशन पाठवलं, त्याच्याच नावाने, त्याच विषयावर 'सोबतची फाइल पाहा' असं उत्तर आलं तर शंका कोण घेईल? कधी ती फाइल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये असायची आणि पासवर्ड ईमेलमध्येच लिहिलेला असायचा. तसं करण्याचं कारण सरळ आहे: कुलूपबंद झिपच्या आत ईमेल सेवेच्या तपासणीला डोकावता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेटचं जाळं उद्ध्वस्त केलं, तरी त्याच वर्षाच्या अखेरीला ते पुन्हा उभं राहिलं. म्हणून एक खूण पक्की लक्षात ठेवा. झिपचा पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिलेला असेल, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय ती फाइल उघडायची नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट आता व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे. लग्नपत्रिका, ई-चलन, बँकेचं केवायसी, शेतकरी योजनेचा हप्ता अशा नावांनी एपीके फाइल येते. ती संगणकावर चालत नाही, पण अँड्रॉइड फोनवर बसली की एसएमएस वाचते आणि ओटीपी घेऊन जाते. कुणाचीही लग्नपत्रिका एपीके स्वरूपात येत नसते. ती फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते.

एक रुपयाही न देता जे होतं

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून बसवलेला असतो. तो फुकट आहे आणि त्याला मुदत नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन संस्था अँटिव्हायरसच्या चाचण्या घेऊन निकाल इंटरनेटवर मोफत ठेवतात. एव्ही-टेस्टच्या तक्त्यांत डिफेंडर गेली अनेक वर्षं वरच्या गटात दिसतो. इंटरनेटला जोडलेला, अद्ययावत ठेवलेला, एका कुटुंबाचा संगणक असेल तर माझ्या मते हाच पुरेसा आहे. त्याची एक उणीव मात्र माहीत असायला हवी. इंटरनेट बंद असताना त्याची ओळखण्याची ताकद कमी होते.

डिफेंडर चालू आहे का हे पाहायला 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. तिथेच 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' हे बटण आहे. ते मुळात बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. कधी एखादा चांगला प्रोग्रामही अडतो, मग त्याला परवानगी द्यावी लागते. तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

दुसरं फुकट काम दोन मिनिटांचं. विंडोज ११ मध्ये कुठलंही फोल्डर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. आता फायलीचं पूर्ण नाव दिसेल. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असं काही दिसलं तर ते बिल नाही. ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके या शेपटांची फाइल ईमेलमधून आली असेल तर न उघडता काढून टाका. जीमेल यातले चालणारे प्रकार स्वतःच अडवतं, जेएस फायली तर फेब्रुवारी २०१७ पासून. वर्ड-एक्सेलमधल्या मॅक्रोंबाबत, म्हणजे फायलीच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्रामांबाबत, मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये तसाच निर्णय घेतला आणि इंटरनेटवरून आलेल्या फायलीतले मॅक्रो बंदच ठेवायला सुरुवात केली. तरीही एखादी फाइल 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणून आग्रह करत असेल, तर ती बंद करा.

तिसरं काम अपडेटचं. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' पसरला. संगणकातल्या फायली कुलूपबंद करून तो ३०० डॉलरची खंडणी मागत होता. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं त्याने अडवली. त्याला ज्या फटीतून शिरता आलं, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, दोन महिने आधी, फुकट दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्या फटीतून त्याला शिरता आलं नाही. पुढच्याच महिन्यात आलेल्या 'नॉटपेट्या'ने आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प केलं. सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. 'अपडेट अँड रीस्टार्ट' आलं की 'नंतर' दाबायची सवय या एका कारणासाठी तरी सोडून द्या.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. त्याच्या संकेतस्थळावर (सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन) लागण काढणारी साधनं मोफत मिळतात. दुकानात जाण्याआधी तिथे जा.

विकतचा अँटिव्हायरस कुणी घ्यावा?

मग विकतचं काहीच नको का? काहींना हवं. ज्यांचा संगणक बराच वेळ इंटरनेटविना चालतो आणि ज्यात दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यांना हवं. झेरॉक्स सेंटर, फोटो स्टुडिओ, डीटीपीचं काम करणारे या गटात येतात. घरातल्या ज्येष्ठांना अडचण आली की मराठीत किंवा हिंदीत फोनवर बोलायला माणूस हवा असेल तर तेही रास्त कारण आहे. मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्याची सोय मात्र विंडोजमध्ये 'फॅमिली सेफ्टी' म्हणून फुकट आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

एका संगणकाला एका वर्षासाठी साध्या अँटिव्हायरसचे चारशे-पाचशे रुपये पडतात. 'टोटल सिक्युरिटी' नावाच्या मोठ्या पॅकेजचे हजार ते दोन हजार. डब्यावर छापलेली किंमत आणि ऑनलाइन विक्रीची किंमत यांत बराच फरक असतो, म्हणून छापील किमतीला कधीही घेऊ नका. तीन वर्षांचं किंवा तीन संगणकांचं पॅक घेतलं तर दर संगणकामागे वर्षाचा खर्च पुष्कळ कमी होतो. पण संगणकच जुना असेल तर तीन वर्षांचं घेण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. दाखवलेली किंमत तो धरून आहे का, हे विचारा आणि तो लावलेलं बिल घ्या.

खरी मेख नूतनीकरणात असते. पहिलं वर्ष निम्म्या किमतीत आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण किंमत आपोआप खात्यातून वजा, ही पद्धत परदेशी कंपन्यांत सर्रास आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप होणारी वजावट करण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना मिळायला हवी, आणि त्या सूचनेतून व्यवहार थांबवण्याची सोयही हवी. पंधरा हजारांपर्यंतच्या वजावटीला मात्र ओटीपी लागत नाही. म्हणजे तो एसएमएस वाचला नाही तर पैसे गेले. खरेदीच्या दिवशीच 'ऑटो रिन्यूअल' बंद करून टाका.

नवीन लॅपटॉपसोबत येणारा तीस दिवसांचा किंवा वर्षाचा अँटिव्हायरस मुदत संपल्यावर रोज भीती घालतो. नको असेल तर तो अनइन्स्टॉल करा. तो गेला की डिफेंडर पुन्हा काम हाती घेतो. घेतलं की नाही, हे एकदा उघडून पाहा. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नका, मशीन मंद होतं आणि संरक्षण वाढत नाही.

'फ्री' अँटिव्हायरसबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अव्हास्ट या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षण देतो म्हणून बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून ग्राहक कोणती संकेतस्थळं पाहतात याची माहिती गोळा करून ती उपकंपनीमार्फत विकली जात होती. डिफेंडर हाताशी असताना आणखी एक फुकटचा अँटिव्हायरस बसवण्याचं कारण मला दिसत नाही.

देशी नाव हवं असेल तर पर्याय आहेत. पुण्याचं क्विक हील हे कैलाश आणि संजय काटकर या भावांनी कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून पुढे येत उभं केलं. त्याचा अभिमान जरूर असावा, पण खरेदी करताना चाचण्यांचे ताजे निकाल पाहूनच करा. अमुक नाव घ्या, असं मी सांगणार नाही.

फुकट विंडोज सर्वांत महाग पडतं

दुकानात 'विंडोज टाकून देतो' म्हणतात तेव्हा ते बहुधा क्रॅक केलेलं असतं. ते चालू करणारा 'अ‍ॅक्टिव्हेटर' आधी डिफेंडर बंद करायला सांगतो. तिथेच सगळं संरक्षण संपतं. विंडोज ११ होमचा अस्सल परवाना दहा हजारांच्या आसपास पडतो, ही रक्कम मोठी आहे, मान्य. पण ब्रँडेड लॅपटॉपसोबत बहुतेक वेळा अस्सल परवाना आलेलाच असतो आणि तो मदरबोर्डमध्ये नोंदलेला असतो. फॉरमॅट केल्यावर तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर काहीही पैसे न देता तो लागू होतो. दुकानदाराला स्पष्ट सांगा: "माझंच ओरिजिनल विंडोज परत टाका."

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक साधारण २०१८ नंतरचा असेल, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल, तर विंडोज ११ वर जाणं फुकट आहे. जात नसेल तर मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय ठेवली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडल्या तर ती फुकट, नाहीतर ३० डॉलर. ज्या घरात संगणकावर फक्त ईमेल, यूट्यूब आणि टायपिंग चालतं, तिथे जुन्या मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणं हा चांगला आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. मराठी टायपिंग त्यातही होतं. मात्र टॅली किंवा विंडोजवरच चालणारं काही वापरत असाल तर तो मार्ग धरू नका.

पैसे इथे खर्च करा

एक टेराबाइटची बाहेरून लावायची डिस्क साधारण साडेचार ते सात हजारांत येते. ती पाच वर्षं चालली तर वर्षाला हजार-दीड हजार. सुरुवातीला सांगितलेला वर्षाचा खर्च तो हाच. फायली थोड्याच असतील तर चारशे-सहाशे रुपयांचा ६४ जीबीचा चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्हही चालेल, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका.

डिस्क वापरण्याची रीत डिस्कपेक्षा महत्त्वाची आहे. ती सतत संगणकाला जोडून ठेवली तर खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो. आठवड्यातून एकदा, शक्य नसेल तर महिन्यातून एकदा लावा, प्रत करा, काढा आणि कपाटात ठेवा. शिवाय एक प्रत घराबाहेर हवी, कारण चोरी, आग आणि पूर अँटिव्हायरसने थांबत नाहीत. कोल्हापूर-सांगलीत २०१९ च्या पुरात घरंच्या घरं पाण्यात गेली, हे आपण पाहिलं आहे. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउड. गुगल १५ जीबी जागा फुकट देतं, मायक्रोसॉफ्ट ५ जीबी. सातबारा, खरेदीखत, मार्कशीट, आयकराची विवरणपत्रं, विम्याचे कागद स्कॅन करून ठेवायला एवढी जागा पुरून उरते. फोटो जास्त असतील तर गुगलची १०० जीबी जागा महिन्याला १३० रुपयांना मिळते.

इथे अनेकांची एक गफलत होते. संगणकातलं फोल्डर क्लाउडशी 'सिंक' केलं की बॅकअप झाला असं वाटतं. सिंक म्हणजे इथे जे होईल ते तिथेही होणं. इथली फाइल कुलूपबंद झाली की तिथलीही होते. सुटका जुन्या आवृत्त्यांमुळे होऊ शकते. गुगल ड्राइव्हवर फायलीच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राहतात, वनड्राइव्हवरही मागे जाण्याची सोय आहे. पण ती मुदत उलटायच्या आत तुमच्या लक्षात यायला हवं. म्हणून कपाटातली डिस्क हवीच.

आणि सहा महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी उघडत नाही, असं खूपदा होतं.

लागण झालीच तर

पहिल्यांदा वाय-फाय बंद करा किंवा नेटची वायर काढा. डिफेंडरमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे, ते चालवा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलंही सापडू शकतं. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. ज्यांना तुमच्या नावाने ईमेल गेले असतील त्यांना फोन करून सांगा.

पडद्यावर 'तुमचा संगणक बाधित आहे, या नंबरवर फोन करा' असं दिसलं तर तो सापळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत फोन नंबर कधीही नसतो. फोन करू नका आणि एनीडेस्कसारखं, दुरून संगणकाचा ताबा देणारं काही बसवू नका.

फायली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी भरू नका. पैसे देऊनही किल्ली मिळेलच असं नाही. २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी 'नो मोअर रॅन्सम' हे संकेतस्थळ सुरू केलं. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आज किल्ली नसेल तरी त्या फायली जपून ठेवा, पुढेमागे ती निघू शकते. 'डेटा रिकव्हरी'चे हजारो रुपये मागणाऱ्यांपासून जपा. अमेरिकेत अशा काही कंपन्या गुपचूप खंडणी भरून वर स्वतःची फी लावत होत्या, असं पत्रकारांनी उघड केलं आहे.

दुकानात न्यावंच लागलं तर फॉरमॅटच्या आधी डेटा बाहेर काढून द्यायला सांगा. त्याचे तीनशे ते हजार रुपये वेगळे लागतील, पण संपूर्ण बिलात वाजवी म्हणावी अशी हीच रक्कम आहे. काय टाकलं, कोणता परवाना दिला, हे बिलावर लिहून घ्या.

खात्यातून पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. तुम्हीच ओटीपी दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं. म्हणून मिनिटं मोलाची आहेत. दुसऱ्याच्या संगणकात मुद्दाम व्हायरस सोडणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि दुकानदाराने न विचारता डेटा उडवला किंवा पैसे घेऊन बनावट 'की' दिली, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. वकील लागत नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.